‘पॅचेस वेलकम’ म्हणे!

मराठी मुलखात दोन जमाती शेजारी-शेजारी राहतात आणि एकमेकींचं तोंड पाहत नाहीत. पहिली जमात चित्रं काढते, मुखपृष्ठं करते, दिवाळी अंकांची पानं लावते, लग्नपत्रिकांपासून वेबसीरिजच्या पोस्टरपर्यंत सगळं संगणकावर घडवते. दुसरी जमात लिनक्स वापरते, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत रमते आणि ‘मुक्त सॉफ्टवेअर’ हे शब्द कीर्तनकाराच्या तन्मयतेनं उच्चारते. मी दुसऱ्या जमातीतला. इंजिनिअरिंग केलं, आता पगारासाठी कोड लिहितो आणि उरलेल्या वेळात हौसेसाठी. त्यामुळे या लेखातल्या टोल्यांचा मोठा वाटा माझ्याच भाऊबंदांना आहे. चित्रकारांच्या पानातही थोडं वाढून ठेवलंय, त्यांनी उपाशी राहू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे : इंग्रजीत काम करणाऱ्या डिजिटल कलाकाराला मुक्त सॉफ्टवेअर ही सोय असेल, मराठीत काम करणाऱ्याला ती गरज आहे. आणि ती गरज भागेल असं सॉफ्टवेअर कलाकार शेजारी बसल्याशिवाय आमच्या जमातीच्या हातून कधीही तयार होणार नाही.

भाड्याची खोली

आधी चित्रकारांशी बोलू. तुमच्या संगणकावरचं फोटोशॉप तुमचं नाही. विकत घेतलं असेल तरी नाही, कारण आता ते विकतच मिळत नाही. २०१३ साली ॲडोबीनं जाहीर केलं की यापुढे नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर. वर्गणी थांबली की खोलीला कुलूप, आणि तुमचं सामान आत.

घरमालक चांगला असेपर्यंत भाड्याच्या खोलीत काही वाईट नसतं. पण घरमालकाची वर्तणूक बघा. ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातली सगळी खाती बंद करणार असं कंपनीनं कळवलं. नंतर परवानगी मिळाली आणि निर्णय फिरला, पण मधले काही आठवडे तिथल्या डिझाइनरांचं पोट वॉशिंग्टनमधल्या एका सहीवर टांगलेलं होतं. २०२२च्या अखेरीस पँटोनच्या रंगांचा करार बदलला आणि लोकांच्या जुन्या फायलींमधले ते रंग काळे दिसायला लागले. परत हवे असतील तर वेगळे पैसे. जून २०२४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं याच कंपनीवर खटला भरला, वर्गणी मध्येच तोडण्याचा दंड लपवून ठेवल्याबद्दल.

यावर आपल्याकडचं उत्तर ठरलेलं आहे : “आम्ही कुठे पैसे भरतो? क्रॅक आहे.” या उत्तरातली मिजास मला कधी कळली नाही. कॉलेजच्या पोरापासून गल्लीतल्या फ्लेक्सवाल्यापर्यंत सगळे चोरीचं फोटोशॉप वापरतात, त्यातच शिकतात, त्यातच शिकवतात, आणि दहा वर्षांनी धंदा मोठा झाला की वर्गणी भरतात, कारण हाताला दुसरं वळणच नसतं. या चोरीत नुकसान झालं ते तिसऱ्याचंच. जो पोरगा क्रॅक मिळालं नसतं तर क्रिटा शिकला असता, त्यातल्या चुका कळवल्या असत्या, त्याचे ब्रश स्वतः बनवले असते, तो मुक्त सॉफ्टवेअरला मिळालाच नाही. चोरीचं फुकट आणि हक्काचं फुकट यांत फरक आहे. पहिल्यात तुम्ही तोंड लपवून राहता, त्यामुळे घरमालकाला साधी तक्रारही करू शकत नाही.

वेलांटी कुठे गेली?

आता मराठीचा प्रश्न. बाजारातल्या सॉफ्टवेअरनं देवनागरीला किती वर्षं कसं वागवलं, हे ज्यांनी फोटोशॉपमध्ये मराठी मजकूर चिकटवून पाहिलाय त्यांना सांगायला नको. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे, जोडाक्षराचे तुकडे, रफार भलत्याच डोक्यावर. पुढे सोय आली, पण ती प्राधान्यक्रमांच्या खिडकीत, दक्षिण आशियाई लिप्यांच्या एका पर्यायाआड. ज्याला ती ठाऊक त्याची वेलांटी जागेवर, बाकीच्यांनी जुने फाँट वापरत राहावं.

तेच झालं. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम, आकृती, प्रत्येकाची फाँटांची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, तरी छपाईचा मोठा व्यवहार या जुन्या फाँटांतच चालू राहिला. त्या फायलीत ‘मराठी’ असं लिहिलेलं नसतंच. तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते आणि विशिष्ट फाँट लावला की ती मराठीसारखी दिसते. फाँट हरवला की भाषा हरवली. वर ती फाइल पेजमेकरची. पेजमेकरचा विकास कधीच थांबला आहे आणि इनडिझाइनच्या सीएस६नंतरच्या आवृत्त्या पेजमेकरच्या फायली उघडत नाहीत. म्हणजे नव्वदच्या दशकात संगणकावर जुळवलेलं मराठी पुस्तक पुन्हा छापायचं तर छापील प्रत समोर ठेवून नव्यानं टंकलेखन. खिळ्यांनी छापलेलं पुस्तक आणि संगणकावर जुळवलेलं पुस्तक, दोन्ही सारखीच मुकी. मग मध्ये संगणक आणला कशाला?

ही जखम चित्रकारांची आहे की इंजिनिअरांची? दोघांचीही. एक बारीक उदाहरण घेऊ. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे. २००९च्या शासननिर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ठरवून दिले. चांगल्या मुक्त फाँटांत दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठीत आहे असं सॉफ्टवेअरला कळलं तरच मराठी रूप उमटतं. न कळल्यास हिंदी रूप येतं, आणि पानावर काहीतरी खटकतंय एवढंच वाचकाला जाणवतं. आता गंमत बघा. चित्रकाराला ‘ल’ चुकलाय हे दुरून दिसतं, पण दुरुस्ती कुठे करायची ते ठाऊक नसतं. इंजिनिअरला भाषेची खूण कुठे लावायची ते ठाऊक असतं, पण ‘ल’ चुकलाय हे दिसतच नाही. तीच गोष्ट ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांची. पहिला शब्द गुरूंना उद्देशून आणि दुसरा स्वयंपाक्यांना. ज्या सॉफ्टवेअरला हा फरक दाखवता येत नाही ते मराठीच्या कामाचं नाही, आणि हा दोष लंडनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात बसलेला माणूस आपण होऊन शोधणार नाही.

यातली सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. देवनागरीची वेलांटी जागेवर बसवणारं, जोडाक्षरं जोडणारं काम आज जगभर मुख्यतः हार्फबझ नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर करतं. ते अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिबरऑफिसमध्ये आहे. आणि फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्येही आहे. म्हणजे ज्या महागड्या खोलीचं भाडं तुम्ही भरता, तिच्यातली मराठीची खिडकी आमच्याच गावच्या सुतारांनी फुकट बसवून दिलेली आहे.

सुतारांचा उद्धटपणा

एवढं ऐकून माझ्या भाऊबंदांनी कॉलर ताठ केली असेल. आता त्यांच्याकडे वळतो.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका बैठकीत मी एका चित्रकार मुलीला विचारताना ऐकलं, की इंकस्केपमधून छापखान्याला चालेल अशी सीएमवायके पीडीएफ सरळ का निघत नाही. प्रश्न रास्त होता. तशी पीडीएफ तिथून खरंच सरळ निघत नाही. उत्तर आलं, “पॅचेस वेलकम.” म्हणजे तुम्हीच कोड लिहून आणा, आम्ही स्वागत करू. सभागृहात हशा. ती मुलगी पुढच्या बैठकीला आली नाही. मीही आलो नसतो. हलवायाला जिलेबी कच्ची आहे म्हणून सांगावं आणि त्यानं कढई पुढे सरकवावी, असला हा प्रकार. कोड लिहिणं हेच एकमेव योगदान आणि बाकी सगळे फुकटे, ही आमच्या जमातीची जातव्यवस्था आहे. ज्या माणसाला चूक दिसते आणि ती नेमकी सांगता येते, त्यानं अर्धं काम केलेलं असतं, हे आम्हाला नोकरीत पाठ असतं. टेस्टरच्या पगाराची स्लिप आम्ही रोज बघतो. संध्याकाळी लिनक्स लावलं की मात्र विसरतो.

या उद्धटपणाची किंमत गिंपच्या इतिहासात मोजता येते. गिंप १९९६पासून लोकांच्या हातात आहे. त्याच वर्षी फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेयर आले, म्हणजे मूळ चित्राला धक्का न लावता त्याचे रंग बदलायची आणि मन बदललं की बदल उचलून टाकायची सोय. छायाचित्रांवर काम करणाऱ्याला याशिवाय चालत नाही. गिंपमध्ये मूळ चित्र न बिघडवणारे फिल्टर आले ते मार्च २०२५मध्ये, तिसऱ्या आवृत्तीत. एकोणतीस वर्षं! मनुष्यबळ कमी होतं हे खरं आहे, मोजके स्वयंसेवक हा डोलारा सांभाळत होते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या सगळ्या वर्षांत आमच्या चर्चांमध्ये “गिंप फोटोशॉपइतकंच चांगलं आहे, तुम्हाला वापरता येत नाही” हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, त्याची मोजदाद नाही. ज्याला रोज रात्री दोनपर्यंत काम देऊन पैसे घ्यायचे असतात, त्याला हे सांगणं म्हणजे थापच.

याच्या नेमकं उलट ब्लेंडरनं केलं. २००२मध्ये ते बनवणारी कंपनी बुडाली. टॉन रोसेंडाल यांनी लोकांकडे एक लाख युरो मागितले, ते सात आठवड्यांत जमले आणि कोड मुक्त झाला. इथपर्यंतची गोष्ट आमचे लोक आवडीनं सांगतात. पुढची कमी सांगतात. ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी कलाकार आणि प्रोग्रामर एका छताखाली बसवले आणि सिनेमे काढले. २००६च्या ‘एलिफंट्स ड्रीम’साठी नोडवर चालणारं कंपोझिटिंग लागलं, म्हणून ते बनलं. २००८च्या ‘बिग बक बनी’त केसाळ प्राणी होते, म्हणून केस आणि फर सुधारले. २०१२च्या ‘टिअर्स ऑफ स्टील’मध्ये खऱ्या चित्रीकरणात संगणकाची दृश्यं मिसळायची होती, म्हणून कॅमेऱ्याची हालचाल पकडणारी सोय आली. कलाकार शेजारच्या टेबलावरून ओरडत होता आणि त्याचं ओरडणं हाच कामाचा आराखडा होता. २०१९च्या २.८० आवृत्तीत तर वर्षानुवर्षांचा हट्ट सोडून उजव्या क्लिकनं वस्तू निवडायची पद्धतही बदलली. या सगळ्याचं फळ २०२५च्या ऑस्करमध्ये दिसलं. लॅटव्हियासारख्या छोट्या देशातल्या दिग्दर्शकाचा, ब्लेंडरमध्ये केलेला ‘फ्लो’ सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला.

क्रिटाची वाटही तीच. २००९च्या सुमाराला त्यांनी फोटोशॉपशी बरोबरी करायचा नाद सोडला आणि फक्त चित्र काढणाऱ्यांसाठी काम करायचं ठरवलं. चौथ्या आवृत्तीतला ब्रशांचा संच डेव्हिड रेव्हॉय या फ्रेंच चित्रकारानं तयार केला. ‘पेपर अँड कॅरट’ ही त्याची कॉमिक्स २०१४पासून याच अवजारांनी बनते आहे.

मात्र ॲमस्टरडॅमनं सगळं करावं अशी अपेक्षा नको. ब्लेंडरच्या त्रिमित अक्षरांमध्ये देवनागरी जोडाक्षरं वर्षानुवर्षं तुटत आली आहेत. आपले लोक अक्षर इंकस्केपमध्ये लिहितात, त्याचा बाह्याकार काढतात आणि तो ब्लेंडरमध्ये नेतात. एक अक्षर बदललं की सगळं पहिल्यापासून. हे दुखणं डच माणसाचं नाही. आपलं आहे.

‘फुकट’ या शब्दाची भीती

चित्रकारांचा एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, “तुमच्या तोंडी ‘ओपन’ आलं की आमच्या खिशाला भोक पडतं.” आधीच या समाजात “जरा एक लोगो करून दे ना, तुला काय पाच मिनिटांचं काम” हे वाक्य चित्रकाराच्या जन्माला पुजलेलं आहे. त्यात ऑगस्ट २०२२मध्ये स्टेबल डिफ्यूजन आलं. इंटरनेटवरची चित्रं चित्रकारांना न विचारता घेऊन शिकवलेलं. त्याचा परवाना मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत नीट बसतही नव्हता, तरी आमच्यातले कित्येक जण ‘ओपन सोर्सचा विजय’ म्हणून नाचले. जानेवारी २०२३मध्ये अमेरिकेत चित्रकार कोर्टात गेले तेव्हा आम्ही त्यांना प्रगतीचे शत्रू म्हणालो.

त्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०२२मध्ये, काही प्रोग्रामरही कोर्टात गेले होते. गिटहब कोपायलटविरुद्ध. तक्रार काय? आमचा कोड वापरला, पण परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत, आमचं नाव लावलं नाही. म्हणजे आमचा कोड घेतला की ती परवान्याची पायमल्ली आणि त्यांचं चित्र घेतलं की ती प्रगती! मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा ‘करणाऱ्याच्या अटी पाळा’ या एका नैतिक खांबावर उभा आहे. तो खांब चित्रकाराच्या अंगणात रोवायला आम्ही तयार नसू, तर आमच्या अंगणातही तो टिकणार नाही. दोन्ही जमातींनी एकत्र यायला याहून चांगलं निमित्त मला तरी दिसत नाही.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. अवजार मुक्त असलं म्हणून त्यानं काढलेलं चित्र मुक्त होत नाही. क्रिटामध्ये काढलेल्या चित्राचे सगळे हक्क चित्रकाराचे. ते द्यायचे की राखायचे, हा त्याचा निर्णय. रेव्हॉय आपली कॉमिक्स सगळ्यांना वापरू देतो आणि वाचकांच्या वर्गणीवर जगतो. तो त्याचा निर्णय. तुमचा वेगळा असू शकतो. एखादा मुक्त सॉफ्टवेअरवाला तुमच्याकडे पोस्टर फुकट मागायला आला, ‘कम्युनिटीसाठी’ म्हणून, तर त्याला त्याच्या महिन्याचा पगार विचारा.

केरळात काय झालं

हे सगळं आपल्या देशात, आपल्यासारख्याच अवघड लिपीत जमतं का? जमलेलं आहे. मल्याळम लिपीची १९७१मध्ये टंकयंत्राच्या सोयीसाठी छाटणी झाली. पुढे ‘रचना’ चळवळीतल्या अक्षरप्रेमींनी मूळ लिपी संगणकावर परत आणायचा चंग बांधला आणि त्यांचे फाँट मुक्त परवान्याखाली आले. दुसऱ्या बाजूनं ‘स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग’मधले प्रोग्रामर काम करत होते. २०१९ साली ‘जनयुगम’ या दैनिकानं आपलं सगळं काम मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. पानं स्क्रायबसमध्ये, चित्रं गिंप आणि इंकस्केपमध्ये, फाँट रचनाचे. रोज छापलं जाणारं वर्तमानपत्र, वर्षातून एकदा निघणारा हौशी अंक नव्हे.

स्क्रायबसला आपल्या लिप्या झेपायला लागल्या त्यामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ते काम ओमानमधल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी केलं, अरबीसाठी. २०१७च्या १.५.३ आवृत्तीत ते आलं, हार्फबझच्या आधारानं, आणि अरबीबरोबर देवनागरीचीही वेलांटी जागेवर बसली. मस्कतकरांनी आपल्या गरजेसाठी विहीर खणली, पाणी मराठीला मिळालं. आपण अजून दोरीसुद्धा आणलेली नाही.

आपल्याकडे काय कमी आहे? मंगल हा विंडोजमधला फाँट घडवणारे र. कृ. जोशी मुंबईचे, कवी, सुलेखनकार आणि आयआयटीत शिकवणारे. अक्षर आणि संगणक एका माणसात नांदू शकतात याचा याहून मोठा पुरावा नको. मुक्ता, बलू, मोदक हे मुक्त परवान्याचे सुंदर फाँट मुंबईच्या एक टाइपनं केले. लोहित फाँटांची देखभाल पुण्यातून झाली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये ब्लेंडर, गिंप, इंकस्केप शिकवणारे पाठ आहेत. सुतार आहेत, लाकूड आहे, अवजारं आहेत. एका खोलीत बसलेले नाहीत एवढंच.

मग करायचं काय?

संघटना काढू नका. अध्यक्ष-उपाध्यक्ष ठरवण्यात दोन वर्षं जातील आणि तिसऱ्या वर्षी फूट पडेल. त्यापेक्षा एक दिवाळी अंक घ्या. एकच. तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्क्रायबस, क्रिटा, इंकस्केप आणि मुक्त फाँटांमध्ये करायचा. पानं लावणाऱ्याच्या शेजारी एक इंजिनिअर खुर्ची टाकून बसेल, श्रावणापासून छापखान्यापर्यंत. जे जे अडेल ते कलाकारानं मराठीत, हवं तर शिव्या घालून, सांगायचं. इंजिनिअरनं ते इंग्रजीत नीट लिहून मूळ प्रकल्पाकडे पोचवायचं, आणि जमेल तिथे स्वतः दुरुस्त करायचं. वर्षाअखेर त्या यादीत ‘ल’ असेल, ‘ऱ्य’ असेल, सीएमवायके असेल, आमच्या कुणाच्या डोक्यात न आलेल्या वीस गोष्टी असतील. ती यादी कुठल्याही परिसंवादापेक्षा मोलाची.

त्या कलाकाराला पैसे द्यायचे. कोणी? आम्ही. हिंजवडी आणि ऐरोलीत बसून मुक्त सॉफ्टवेअरच्या जिवावरच पगार कमावणाऱ्यांनी. आमच्या प्रत्येक सर्व्हरवर लिनक्स आहे. ओटीटीच्या वर्गणीएवढी रक्कम वीस-पंचवीस जणांनी दरमहा काढली, तरी या खेपेला नवीन अवजार शिकताना वाया जाणाऱ्या दिवसांची भरपाई होईल. त्याला ‘एक्स्पोजर’ देऊ नका, त्याचं त्याच्याकडे पुरेसं आहे.

चित्रकारांकडून अपेक्षा छोटी. नोकरीत जे सॉफ्टवेअर मिळेल ते वापरा. एजन्सी पीएसडी मागते तेव्हा तत्त्वासाठी उपाशी राहायचं कारण नाही. पण स्वतःच्या कामाची एक प्रत अशा रूपात ठेवा, की ती उघडायला कुणाची परवानगी लागणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये. रेषाचित्र एसव्हीजीमध्ये. आणि काही खटकलं तर गप्प बसू नका, सांगा. सांगूनही “पॅचेस वेलकम” असं उत्तर आलं तर पुन्हा सांगा, या वेळी जरा मोठ्यानं.

पंचवीस वर्षांनी कुणीतरी आजचा एखादा दिवाळी अंक पुन्हा छापायला घेईल. त्याच्या हातात फाइल असेल. ती उघडली पाहिजे, आणि उघडल्यावर ‘ल’ला पाकळ्या असल्या पाहिजेत.